छायाचित्र उपलब्ध नाही

इतिहासकार हे आमच्याकडे एक पद होतं.
अध्यक्ष, खजिनदार, स्वयंपाकघराचा कारभारी
निवडून झाले की जो उरेल
त्याच्या हातात वही.
मी उरलो होतो.

पहिलं पान एकोणीसशे नऊचं.
आयोवा, मार्च, गुडघाभर चिखल,
धान्याच्या दुकानावरच्या खोलीत नऊ पोरं,
एक कंदील, उसनं आणलेलं बायबल
आणि तीन ग्रीक अक्षरं,
त्यातलं एक पहिल्याच दिवशी उलटं काढलेलं.
ऑर्विल हॅस्केट लिहितो : आजपासून आम्ही भाऊ.
खाली हिशेब : मेणबत्त्या, बारा सेंट.

मग एल्म स्ट्रीटवरचं खांबांचं घर,
ऐपतीपेक्षा दोन मजले उंच.
एका हिवाळ्यात तापाची साथ, जेवणघरात खाटा.
एका युद्धात सगळं घरच नौदलाला भाड्यानं.
चौघे परतले नाहीत; त्यांची नावं पितळेत कोरली,
आणि ते पितळ घासायचं काम नव्या पोरांचं,
दर शनिवारी, टूथब्रशनं.
भाऊ होण्याआधी प्रत्येकाला
असंच काहीबाही घासावं लागे, गिळावं लागे,
डोळ्यांना पट्टी बांधून थंडीत चालावं लागे.
मी चाललो.
पुढच्या वर्षी मी चालवलं.
हे वहीत नाही.

जिन्याच्या भिंतीवर वर्षं टांगलेली.
एकेका चौकटीत चाळीस लंबगोल चेहरे,
एकाच दुकानातले कोट, एकाच बाजूचा भांग.
फोटोच्या दिवशी कुणी ना कुणी झोपून राही,
त्याच्या जागी करडा लंबगोल, खाली नाव
आणि छापील ओळ : छायाचित्र उपलब्ध नाही.
चौसष्टच्या चौकटीतला गेरिट व्हॅन झांटे
आम्हाला तसलाच वाटे.
परीक्षेला कुणाला जाग आली नाही की म्हणायचो :
आज ह्याचा गेरिट झाला.

वर्षभर हातात असलेली वही
मी वाचली ती पंचवीस वर्षांनी, मागच्या उन्हाळ्यात,
मुख्यालयानं शाखेची सनद काढून घेतल्यावर.
(कारण पेपरात आलंय. नाव दुसरं, थंडी तीच.)
सामानाची यादी करायला कुणीतरी हवं होतं.
फेब्रुवारी चौसष्ट :
हवा उणे एकोणीस. कोळसा चार टन. अन्य विषय नाहीत.
त्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं :
नदीवरचा कार्यक्रम पुढील सूचनेपर्यंत बंद.
एवढंच.
चाळीस जण मूग गिळून बसले
त्याचा आवाज
त्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत आहे.

लिलाव हिरवळीवर होता.
बिलियर्डचं टेबल गेलं, खुर्च्या गेल्या,
पितळ वजनावर गेलं.
दुपारी एक म्हातारी आली, सू काउंटीहून,
चार तास स्वतः गाडी चालवत,
पर्समध्ये चेकबुक. विल्मा, म्हणाली, त्याची बहीण.
मी चौकट उतरवून तिच्यासमोर धरली.
पैसे नकोत म्हणालो. अजून बरंच काही म्हणालो,
ते तिनं ऐकून घेतलं.
मग करड्या लंबगोलावरची धूळ अंगठ्यानं पुसत
तिनं सांगितलं :
फोटोवाल्याकडे नावं जानेवारीतच गेली होती.
आईनं टाय पाठवला होता, निळा.
तो घडी न मोडता परत आला.

मला वाटलं, आता ती चौकट गाडीत ठेवायला सांगेल.
तिनं ती माझ्याकडेच सरकवली.
माझ्याकडे त्याचा फोटो आहे, म्हणाली.
हे रिकामं तुमचं आहे.

चौकट आता आमच्या गॅरेजमध्ये आहे,
बर्फ ओढायच्या फावड्यांमागे.
घरात लावायचं धाडस नाही,
आणि टाकायचं तर कुठे.
रात्री उशिरा घरी आलो की
गाडीचे दिवे काचेवर पडतात,
एकोणचाळीस जण क्षणभर उजळतात
आणि त्या एका जागी, काचेत,
गाडी बंद करायला हात पुढे केलेला
मी दिसतो.